कुठे आणि केव्हा : फळमाशीच्या देहाची घडण



दोन दिवस टोपलीत राहिलेल्या केळ्यांभोवती चिलटं जमतात, हे सभागृहातल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. त्या चिलटांच्या गोतातली एक जात आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर हे तिचं नाव. प्रयोगशाळेतली मंडळी तिला फळमाशी म्हणतात. कोकणात आंब्याच्या गरात अळ्या पाडणारी फळमाशी निराळ्या कुळातली. या दोघींची गल्लत होऊ नये. आपली माशी जेमतेम तीन मिलिमीटर लांब असते. विटकरी डोळे, दोन पंख, आणि पंखांच्या मागे टाचणीच्या डोक्याएवढेही नसलेले दोन गाठाळ अवयव. त्यांना संतोलक म्हणतात. उडताना माशीचा तोल ते सांभाळतात. हे संतोलक लक्षात असू द्या, त्यांच्याकडे पुन्हा यायचं आहे.

या माशीचं अंडं अर्ध्या मिलिमीटरचं. पंचवीस अंश तापमानात ठेवलं तर साधारण चोवीस तासांत त्यातून अळी बाहेर पडते. अळीला एका टोकाला तोंड असतं, दुसऱ्या टोकाला शेपूट. मधे छातीचे तीन खंड आणि पोटाचे आठ. एका दिवसात हे सगळं उभं राहतं, आणि तेही दर वेळी त्याच क्रमाने. छातीचा खंड पोटात गेला, शेपूट पुढे आली, असं होत नाही.

का होत नाही? त्या अंड्यापासून झालेल्या हजारो पेशींपैकी प्रत्येकीत तीच गुणसूत्रं आहेत, तीच जनुकं आहेत. मग आपण डोक्यात आहोत की शेपटीत, हे एखाद्या पेशीला कळतं कसं? सगळ्यांच्या हाती पोथी एकच, तर प्रत्येकीने पान वेगळं का उघडावं?

वर्तमानपत्रांत अधूनमधून बातमी येते : अमुक गोष्टीचं जनुक सापडलं. डोळ्याचं जनुक, हृदयाचं जनुक, उंचीचं जनुक. ऐकणाऱ्याच्या मनात चित्र उभं राहतं की जनुकात त्या अवयवाचा आराखडा दडलेला आहे आणि शरीर तो उलगडून बांधकाम करतं. फळमाशीवर शंभराहून अधिक वर्षं जे काम झालं, त्याने हे चित्र मोडीत काढलं. देहाची मांडणी ठरवणारी जनुकं अवयवाचा आराखडा बाळगत नाहीत. ती दोनच प्रश्नांची उत्तरं देतात : कुठे आणि केव्हा. आजच्या व्याख्यानाचं म्हणणं एवढंच आहे. बाकीचा वेळ ते पटवण्यासाठी.

सुरुवात न्यूयॉर्कपासून. कोलंबिया विद्यापीठात शेर्मरहॉर्न हॉल नावाच्या इमारतीत ६१३ क्रमांकाची एक खोली होती. थॉमस हंट मॉर्गन आणि त्यांचे विद्यार्थी तिथे दुधाच्या बाटल्यांत माश्या वाढवत आणि त्यांना पिकलेली केळी खायला घालत. १९१० मध्ये लाल डोळ्यांच्या माश्यांमध्ये पांढऱ्या डोळ्यांचा एक नर निघाला. जनुकं गुणसूत्रांवर असतात, याचा भक्कम पुरावा त्या नराच्या वंशावळीतून उभा राहिला. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट हा कॉलेजात शिकणारा मुलगा. त्याने गुणसूत्रावरच्या जनुकांचा पहिला नकाशा काढला, तो १९१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मॉर्गन यांना १९३३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळालं. ही कथा अनेकदा सांगितली गेली आहे, म्हणून इथे ती आवरती घेऊ.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. मॉर्गन मुळात भ्रूणशास्त्रज्ञ होते. अंड्यातून प्राणी कसा घडतो, हा त्यांचा पहिला ध्यास. १९३४ मध्ये त्यांनी भ्रूणशास्त्र आणि जनुकशास्त्र या दोन्ही विषयांवर मिळून एक पुस्तक लिहिलं, पण एका शास्त्रातून दुसऱ्यात जाण्याची वाट त्यांना सापडली नाही. डोळ्याचा रंग, पंखाचा आकार, अंगावरचे केस यांवर परिणाम करणारी जनुकं एकामागून एक मिळत होती. देह मुळात उभा कसा राहतो, हे त्यांतलं एकही सांगत नव्हतं. ती वाट सापडायला आणखी चव्वेचाळीस वर्षं लागली.

१९७८ मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गला, युरोपियन मॉलिक्युलर बायॉलॉजी लॅबोरेटरी या नव्या संस्थेत दोन तरुण शास्त्रज्ञ रुजू झाले. क्रिस्टियाने न्यूस्लाइन-फोलहार्ड आणि एरिक वीशाउस. दोघांना मिळून एक लहानशी प्रयोगशाळा मिळाली. त्यांनी ठरवलेलं काम ऐकायला सोपं होतं : अळीच्या देहाची मांडणी बिघडवणारं प्रत्येक जनुक शोधून काढायचं. एखाददुसरं जनुक त्यांना नको होतं. शक्य तितकी सगळी हवी होती. त्या काळात असा हट्ट धरणं धाडसाचं होतं. अशी जनुकं किती असतील, दहा की दहा हजार, याचा अंदाज कोणालाच नव्हता. दहा हजार असती तर सगळा खटाटोप पाण्यात गेला असता.

पद्धत अशी. नर माश्यांना साखरपाण्यातून एक रसायन पाजायचं. त्यामुळे त्यांच्या शुक्रपेशींतल्या डीएनएमध्ये ठिकठिकाणी चुका पडतात. मग त्यांचा संकर करून, बिघडलेल्या एकेका गुणसूत्राचा स्वतंत्र वाण तयार करायचा. तिसऱ्या पिढीत त्या वाणाच्या पाव अंड्यांना बिघडलेलं जनुक आईकडून आणि बापाकडून, दोन्हीकडून मिळतं. ते जनुक देहाच्या मांडणीला अत्यावश्यक असेल, तर ती अंडी फुटत नाहीत. आतली अळी मरते.

त्या मेलेल्या अळ्याच त्यांना हव्या होत्या! माशीच्या अळीच्या पोटाकडच्या बाजूला प्रत्येक खंडाच्या पुढच्या भागात अगदी बारीक दातऱ्यांचा एक पट्टा असतो आणि मागचा भाग गुळगुळीत असतो. मेलेल्या अळीचा आतला मऊ भाग रसायनाने विरघळवला की मागे पारदर्शक कातडी उरते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली हे पट्टे मोजता येतात. पट्टा कुठे गळला, कुठे उलटा झाला, कुठे शेजारच्याला चिकटला, ते स्पष्ट दिसतं. दोघांना एकाच वेळी पाहता येईल असा जोड-नेत्रभिंगांचा सूक्ष्मदर्शक त्यांनी वापरला. एकच अळी दोघं एकत्र पाहत आणि बिघाड कोणता ते तिथल्या तिथे ठरवत. पुढे गेर्ड युर्गेन्स यांनाही बरोबर घेऊन हे काम वाढलं आणि तपासलेल्या वाणांची संख्या सुमारे २७ हजारांवर गेली. विज्ञानातल्या कल्पकतेचं कौतुक आपण नेहमी करतो. इथे कल्पकतेइतकंच कौतुक त्या बैठकीचं आहे.

हाती काय आलं? अस्ताव्यस्त बिघाडांचा ढीग आला नाही. बिघाडांचे तीन ठळक गट पडले. पहिल्या गटातल्या अळ्यांमध्ये सलग अनेक खंडांचा तुकडाच नाहीसा झालेला. दुसऱ्या गटात एकाआड एक खंड गायब. तिसऱ्या गटात सगळे खंड जागेवर, पण प्रत्येक खंडाचा ठरावीक भाग नाही आणि त्या जागी उरलेल्या भागाची उलटी प्रत. हेजहॉग हे जनुक या तिसऱ्या गटातलं. त्याचा बिघाड झालेल्या अळीच्या पोटाचा गुळगुळीत भाग नाहीसा होतो आणि सगळीकडे दातऱ्याच दातऱ्या दिसतात. ३० ऑक्टोबर १९८० च्या 'नेचर'मध्ये पंधरा जनुकांचा हा पहिला निबंध आला. सगळी मोजणी संपली तेव्हा मांडणीच्या जनुकांची संख्या शंभराच्या थोडी वर गेली होती.

शंभर-सव्वाशे! हजारो जनुकांपैकी एवढीच. प्रश्न माणसाच्या आवाक्यात आला होता. आणि त्या तीन गटांतून आणखी एक गोष्ट उघड झाली : भ्रूण स्वतःचे आधी मोठे भाग पाडतो, मग लहान, मग त्याहून लहान. पुढच्या दहा-पंधरा वर्षांतलं संशोधन म्हणजे हे भाग कसे पाडले जातात, त्याचा शोध.

आता पहिल्या पायरीकडे वळू. मोठे भाग पाडायचे तर पुढचं टोक कोणतं आणि मागचं कोणतं, हे आधी ठरायला हवं. ते कोण ठरवतं?

आई. अंडं अजून तिच्या पोटात असतानाच, शेजारच्या पोषक पेशी अंड्यात बायकॉइड नावाच्या जनुकाचा संदेशक आरएनए भरतात आणि तो अंड्याच्या पुढच्या टोकाला जखडून ठेवला जातो. अंडं घातलं गेलं की त्या आरएनएपासून प्रथिन तयार होऊ लागतं आणि मागे पसरू लागतं. पुढच्या टोकाला ते सर्वांत दाट, मागे जावं तसं विरळ. सुरुवातीच्या तासांत माशीच्या भ्रूणात पेशी वेगळ्या करणारी पटलंच नसतात. एकाच्या दोन, दोनाची चार अशी केंद्रकं तेवढी वाढत जातात आणि सगळी एकाच पोकळीत असतात. म्हणून या प्रथिनाला आडकाठी नसते. प्रत्येक केंद्रकाला स्वतःभोवतीच्या दाटीवरून आपली जागा ओळखता येते. इथे दाट आहे, म्हणजे डोकं. इथे मध्यम, म्हणजे छाती.

हे नुसतं अनुमान होतं का? नाही. पुढे ट्युबिंगेनला न्यूस्लाइन-फोलहार्ड यांच्या प्रयोगशाळेत ते तपासून पाहिलं गेलं. बायकॉइडचा बिघाड असलेल्या मादीच्या अंड्यात डोकं आणि छाती तयारच होत नाहीत. पुढच्या टोकालाही शेपटीकडचे भाग उगवतात. अशा अंड्यात निरोगी अंड्याच्या पुढच्या टोकातला द्रव सुईने टोचला, तर डोक्याकडचे भाग पुन्हा तयार होतात. आणि तो द्रव अंड्याच्या मधोमध टोचला तर? डोक्याचे भाग मधोमध तयार होतात. १९८८ मध्ये वोल्फगांग ड्रिव्हर आणि न्यूस्लाइन-फोलहार्ड यांनी प्रथिनाची ही उतरती दाटी प्रत्यक्ष मोजली. आईकडे बायकॉइडच्या प्रती जास्त असल्या तर भ्रूणात डोक्याची सीमा मागे सरकते, कमी असल्या तर पुढे येते. दाटी बदलली की जागा बदलते. बायकॉइडमध्ये डोक्याचा आराखडा नाही. त्याच्याकडे आहे ते फक्त 'कुठे' याचं उत्तर.

इथे थोडं थांबून एक खुलासा करायला हवा, कारण बायकॉइडवर बोलणारे पुष्कळदा तो करत नाहीत. बायकॉइड प्राणिसृष्टीत सगळीकडे नाही. ते माश्यांच्या एका शाखेपुरतंच आहे. पिठात पडणाऱ्या ट्रायबोलियम या किड्यात ते नाही, तरी त्या किड्याला डोकं असतंच. पुढचं टोक ठरवण्याची पहिली खूण वंशागणिक बदलू शकते. त्यानंतरची यंत्रणा मात्र कितीतरी जुनी आहे.

आता दुसरी पायरी. फळमाशीचं सगळं जीवशास्त्र ज्यात जवळून दिसतं असं एकच उदाहरण द्यायचं, तर ते इव्हन-स्किप्ड या जनुकाच्या दुसऱ्या पट्ट्याचं. अंडं घातल्यानंतर साधारण तीन तासांत भ्रूणात सुमारे सहा हजार केंद्रकं कडेला येऊन बसलेली असतात. त्या वेळी इव्हन-स्किप्ड कुठे चालू आहे हे रंगवून पाहिलं, तर भ्रूणाभोवती सात आडवे पट्टे दिसतात, अगदी रेखीव. एक-दोन तासांपूर्वी जिथे एकसारखी केंद्रकं होती, तिथे सात पट्टे आले कुठून? भ्रूण सातपर्यंत मोजतो का?

मायकेल लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास यातला दुसरा पट्टा निवडला आणि तो कसा आखला जातो ते उलगडलं. जनुकाच्या शेजारी डीएनएचा एक छोटा तुकडा आहे. त्याचं काम एकच, हा दुसरा पट्टा चालू करणं. या तुकड्यावर चार प्रथिनं येऊन बसू शकतात. बायकॉइड आणि हंचबॅक ही दोन प्रथिनं जनुक चालू करायला लावतात. जायंट आणि क्रुपल ही दोन ते बंद करायला लावतात. बायकॉइड आणि हंचबॅक भ्रूणाच्या पुढच्या अर्ध्या भागात भरपूर असतात. जायंट त्या भागाच्या पुढच्या बाजूला असतं, क्रुपल भ्रूणाच्या मध्यावर. म्हणजे जनुक चालू करणारी प्रथिनं आहेत पण बंद करणारी दोन्ही नाहीत, अशी जागा उरते किती? जायंट आणि क्रुपल यांच्या मधली चिंचोळी पट्टी, काही केंद्रकांच्या रुंदीची. तोच दुसरा पट्टा. बंद करणाऱ्या प्रथिनांच्या जागा त्या तुकड्यातून खोडून टाकल्या, की पट्टा लगेच फैलावतो.

मोजणी कोणीच करत नाही, हे लक्षात घ्या. 'मी दुसरा' असं त्या पट्ट्याला ठाऊक नाही. इतर पट्टे चालू करणारे तुकडे वेगळे आहेत. काही एकेका पट्ट्याचे, काही दोन पट्ट्यांचे मिळून. प्रत्येक ठिकाणी त्या जागी कोणती प्रथिनं आहेत आणि कोणती नाहीत, एवढंच वाचलं जातं. आपल्याला रेखीव मांडणी दिसते, ती अशा स्थानिक निर्णयांतून उभी राहिलेली असते. आधुनिक जीवशास्त्रात याच्याइतकं देखणं उत्तर दुसरं क्वचितच सापडेल.

तीन तासांनंतर पेशींची पटलं तयार होतात. आता प्रथिनं मोकळी फिरू शकत नाहीत. पेशींना एकमेकींशी बोलावं लागतं. प्रत्येक खंडाच्या सीमेवर एक पेशी हेजहॉग हे प्रथिन बाहेर सोडते, शेजारची पेशी विंगलेस हे प्रथिन सोडते, आणि दोघी एकमेकींना चालू ठेवतात. त्या संवादातून खंडाची सीमा पक्की होते.

यातल्या विंगलेसचा इतिहास भारतातून सुरू होतो, आणि तो आपल्याकडे जितका माहीत असायला हवा तितका नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत आर. पी. शर्मा यांनी १९७३ मध्ये पंख नसलेल्या माश्यांचा एक उत्परिवर्ती वाण नोंदवला आणि त्याला विंगलेस हे नाव दिलं. १९७६ मध्ये शर्मा आणि व्ही. एल. चोप्रा यांनी त्याचा पंखांवर आणि संतोलकांवर होणारा परिणाम सविस्तर प्रसिद्ध केला. हायडेलबर्गच्या पंधरा जनुकांच्या यादीत हे जनुक पुन्हा भेटलं. इकडे १९८२ मध्ये रोएल नुसा आणि हॅरल्ड व्हार्मस यांना उंदराच्या स्तनाच्या कर्करोगाशी निगडित इंट-१ हे जनुक सापडलं होतं. त्याची माशीतली प्रत शोधायला गेले, तर १९८७ मध्ये कळलं की ती विंगलेसच आहे! माशीचा पंख आणि उंदराचा कर्करोग एका जनुककुळात आले. त्या कुळाला आज विंट म्हणतात. माणसाच्या मोठ्या आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत याच संदेशाच्या साखळीत बिघाड आढळतो. हेजहॉगचीही तीच गोष्ट. उंदरात त्याच्या कुळातलं एक जनुक पूर्णपणे काढून टाकलं तर भ्रूणाला दोन डोळ्यांऐवजी मधोमध एकच डोळा येतो. त्वचेच्या एका कर्करोगात हेजहॉगची साखळी अडवणारं औषध अमेरिकेत २०१२ मध्ये मंजूर झालं. अळीच्या कातडीवरच्या दातऱ्या मोजणाऱ्यांनी यातलं काही डोळ्यांपुढे ठेवलं नव्हतं. अशा संशोधनावर खर्च का करायचा असा प्रश्न जेव्हा जेव्हा येतो, तेव्हा या जनुकांचा इतिहास पुढे ठेवावा.

खंड पडले. आता प्रत्येक खंडाने काय व्हायचं? छातीच्या दुसऱ्या खंडावर पंख येतात, तिसऱ्यावर संतोलक. हे कसं ठरतं?

इथे एडवर्ड लुईस यांचं नाव येतं. पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बार गावात शाळेत असतानाच त्यांनी टपालाने फळमाश्या मागवून त्यांचे प्रयोग सुरू केले होते. पुढे कॅलटेकमध्ये त्यांनी जवळपास सगळं आयुष्य एका जनुकसमूहाला दिलं. त्यातलं पहिलं उत्परिवर्तन मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेतल्या कॅल्व्हिन ब्रिजेस यांना १९१५ मध्ये सापडलं होतं, बायथोरॅक्स : त्यात संतोलकाच्या जागी पंखासारखा पसारा दिसे. लुईस यांनी अशी अनेक उत्परिवर्तनं एकत्र आणत आणत चार पंखांची माशी तयार केली. संतोलक नाहीत, त्यांच्या जागी पूर्ण वाढलेल्या पंखांची दुसरी जोडी. ते छायाचित्र ज्याने एकदा पाहिलं तो विसरत नाही. १९७८ मध्ये लुईस यांनी आणखी एक विलक्षण गोष्ट मांडली : या समूहातली जनुकं गुणसूत्रावर ज्या क्रमाने मांडलेली आहेत, त्याच क्रमाने ती देहाचे भाग पुढून मागे सांभाळतात. लुईस, न्यूस्लाइन-फोलहार्ड आणि वीशाउस या तिघांना १९९५ चं नोबेल विभागून मिळालं.

चार पंखांच्या माशीत काय घडतं? अल्ट्राबायथोरॅक्स हे जनुक तिसऱ्या खंडात चालू असतं आणि पेशींना सांगतं, तुमचा पत्ता तिसरा खंड. ते बंद पडलं की पेशी आपला पत्ता दुसरा खंड समजतात आणि त्या पत्त्यावर जे बांधायचं ते बांधतात, म्हणजे पंख. पंख कसा बांधायचा हे त्यांना आधीच येत होतं. चुकला तो पत्ता. उलट्या बाजूने अँटेनापेडिया हे जनुक डोक्यात चुकून चालू झालं, तर शृंगिकेच्या, म्हणजे डोक्यावरच्या मिशीच्या, जागी पाय उगवतो, सांध्यांसकट नीट घडलेला पाय.

ही चार पंखांची माशी उडते का? नाही, उडत नाही. त्याचं कारण शोधण्यात भारताचा वाटा आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी फळमाशीच्या संशोधनाची जी परंपरा रुजवली, तिच्यातून पुढे आलेले के. विजयराघवन आणि स्वतः लुईस यांनी सहकाऱ्यांसह १९९४ मध्ये या माशीचे स्नायू तपासले. बाहेरच्या कातडीचा पत्ता बदलला होता, स्नायूंचा तसा बदलला नव्हता. जादा पंखांना त्यांचे उड्डाणाचे स्नायू मिळालेच नव्हते. पत्ता प्रत्येक ऊतीला स्वतंत्रपणे पोहोचावा लागतो.

१९८३-८४ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये बाझलला वॉल्टर गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत इंडियानामध्ये, कळलं की या सगळ्या पत्ता-जनुकांत १८० अक्षरांचा एक तुकडा जवळजवळ सारखा आहे. होमिओबॉक्स असं त्याचं नाव पडलं. मग गांडूळ, कोंबडी, उंदीर, माणूस, ज्याच्या डीएनएत पाहावं तिथे तो सापडू लागला. माशीत अशी आठ जनुकं दोन समूहांत आहेत. माणसात चार समूहांत ३९. आणि आपल्यातही ती गुणसूत्रावर ज्या क्रमाने आहेत, त्याच क्रमाने डोक्याकडून खाली मणक्याचे भाग ठरवतात. त्यांपैकी हॉक्स-डी-१३ या जनुकात बिघाड असेल तर मूल जादा किंवा जोडलेली बोटं घेऊन जन्मतं. माशी आणि आपण यांचा समाईक पूर्वज पन्नास कोटी वर्षांहून जुना आहे. ही पत्त्यांची रीत त्याच्याकडून चालत आली.

मग मधमाशीला चार पंख का? तिच्याकडे अल्ट्राबायथोरॅक्स नाही का? आहे. आधी हैदराबादला आणि नंतर पुण्याच्या आयसर संस्थेत एल. एस. शशिधर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नावर बरीच वर्षं काम केलं. मधमाशीत आणि रेशमाच्या पतंगात मागचा पंख घडतानाही हे जनुक चालू असतं, तरी तिथे संतोलक होत नाही, पंखच होतो. पत्ता सांगणारं जनुक तेच. त्या पत्त्यावर कोणती जनुकं त्याचं ऐकतात, ती यादी वेगळी. उत्क्रांतीने पंखाचा संतोलक केला, तो मुख्यतः ही यादी बदलून.

आता अवयवांकडे, आणि आजच्या म्हणण्याच्या सर्वांत कसोटीच्या प्रयोगाकडे. माशीत आयलेस नावाचं उत्परिवर्तन १९१५ पासून माहीत होतं. त्यात डोळे खुजे राहतात किंवा येतच नाहीत. १९९४ मध्ये गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत कळलं की हे जनुक म्हणजे उंदरातल्या पॅक्स-६ ची माशीतली प्रत. माणसात त्याच जनुकात बिघाड झाला तर डोळ्यातलं बुबुळाभोवतीचं रंगीत पटल नीट तयार होत नाही. १९९५ मध्ये गेओर्ग हाल्डर, पॅट्रिक कॅलर्ट्स आणि गेहरिंग यांनी अळीच्या अंगातल्या, पुढे पाय, पंख आणि शृंगिका होणाऱ्या पेशींत आयलेस मुद्दाम चालू केलं. कोषातून माश्या बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्या पायांवर, पंखांवर, शृंगिकांवर डोळे होते. लाल, नेत्रिकांच्या, म्हणजे माशीच्या डोळ्यातल्या बारीक घटकांच्या, ओळी असलेले, प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या पेशींसकट.

पुढचा प्रयोग आणखी बोलका. त्यांनी माशीत उंदराचं जनुक चालू केलं. काय उगवलं असेल? उंदराचा डोळा? उगवला तो माशीचाच डोळा, शेकडो नेत्रिकांचा! उंदराच्या जनुकात उंदराच्या डोळ्याचा आराखडा असता, तर असं घडलं नसतं. त्या जनुकाने एवढंच सांगितलं की इथे डोळा घडवा. कसा घडवायचा हे माशीच्या पेशींनी त्यांच्या रीतीने ठरवलं. 'डोळ्याचं जनुक' हा शब्दप्रयोग या एका प्रयोगानंतर जपून वापरायला हवा.

हृदयाच्या बाबतीतही असंच घडलं. टिनमन हे जनुक नसलेल्या माशीच्या भ्रूणात हृदय तयारच होत नाही. माशीचं हृदय म्हणजे पाठीकडची एक साधी धडधडती नळी. आपलं चार कप्प्यांचं. तरी माणसातल्या त्याच कुळातल्या एनकेएक्स-२-५ या जनुकात बिघाड असलेल्या कुटुंबांमध्ये जन्मजात हृदयदोष आढळतात, हे १९९८ मध्ये दिसून आलं.

राहिला एक प्रश्न : किती. कुठे आणि केव्हा कळलं, पण किती वाढायचं? माशीचा पंख अळीच्या अंगात पेशींच्या एका चपट्या चकतीतून तयार होतो. सुरुवातीला तिच्यात काही डझन पेशी असतात, चारेक दिवसांत त्या कित्येक हजारांवर जातात, आणि मग वाढ थांबते. डावी चकती आणि उजवी चकती एकमेकींना स्पर्श करत नाहीत, तरी दोन्ही पंख जवळजवळ तंतोतंत सारखे भरतात. वाढीला लगाम घालणारी हिप्पो नावाची जनुकांची साखळी माशीतच सापडली. ती तुटली तर अवयव फुगत जातात. तीच साखळी आपल्या यकृतातही आहे. २०१२ मध्ये स्पेन आणि फ्रान्समधल्या दोन गटांनी दाखवलं की एखादी चकती जखमी झाली तर ती डिल्प-८ नावाचं प्रथिन रक्तात सोडते. त्याने अळीचं कोषात जाणं लांबतं, बाकीच्या चकत्यांची वाढ मंदावते आणि जखमी चकतीला भरून यायला वेळ मिळतो. हे जनुक काढून टाकलेल्या माश्यांमध्ये डाव्या आणि उजव्या पंखांच्या आकारात सहज मोजता येईल इतका फरक पडतो. चकतीतली एखादी पेशी, चकती पुरेशी मोठी झाली हे नेमकं कशावरून ओळखते, यावर आज जगभरातल्या प्रयोगशाळांत काम चालू आहे. चकतीत पसरणाऱ्या संदेशक प्रथिनांची दाटी, पेशींवर पडणारा ताण आणि हिप्पोची साखळी या तिघांचा मेळ कसा बसतो, हे त्या कामाचं आजचं केंद्र आहे.